शेजारी देशांतला न्याय-लोकशाहीचा निधी : पैसा कुणाच्या हातून येणार?

तलावपाळी

धाग्याचं कारण नेमकं आहे, म्हणून आधी माहिती देते.

ठाण्यातली एक संस्था. सार्वजनिक विश्वस्त नोंदणी आहे, १२ए आणि ८०जी (प्राप्तिकरातल्या सवलतींची नोंदणी) आहे, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची नोंदणी) नाही. काम घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत आणि वाशी-तुर्भ्यात. सोसायट्यांचे रखवालदार, हॉटेलांतली पोरं, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यात नेपाळचे लोक बरेच. थकलेला पगार, कामावर झालेला अपघात, पोलीस ठाण्यात अडकलेला माणूस, गावी सोडलेल्या बायकोची पोटगी, अशी प्रकरणं येतात.

काठमांडूच्या एका संस्थेनं विचारलंय : दोन वर्षांचा संयुक्त प्रकल्प करू या. विषय 'न्यायापर्यंत पोहोच आणि समावेशन'. देणगीदार एक युरोपीय दूतावास. मुख्य अर्जदार काठमांडूची संस्था, ठाण्याची संस्था उपभागीदार, ठाण्याच्या वाट्याला साधारण ६० लाख रुपये.

हे जमतं का? कुठे अडतं? भावनिक चर्चा नको, कागद सांगा.

हिशेबनीस_नौपाडा

आहे त्या रचनेत जमत नाही.

काठमांडूच्या संस्थेनं तुम्हाला पाठवलेला प्रत्येक रुपया हा परदेशी अंशदान. नेपाळशी सीमा खुली आहे, पण एफसीआरएला त्याचं काही नाही. दूतावासाने दिल्लीतल्या रुपया खात्यातून थेट धनादेश दिला तरी फरक पडत नाही. कायदा चलन बघत नाही, देणारा कोण ते बघतो. परदेशी सरकार आणि त्याची यंत्रणा हे परदेशी स्रोतच.

रस्ते दोन :

१) नोंदणी, अर्ज एफसी-३ए. संस्था किमान ३ वर्षांची हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च हवा. शुल्क १०,०००.

२) पूर्वपरवानगी, अर्ज एफसी-३बी. एक देणगीदार, एक प्रकल्प, ठरलेली रक्कम. देणगीदाराचं वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडायचा. शुल्क ५,०००. परवानगी मिळाल्यावर पैसे घ्यायला ३ वर्षं, खर्चायला ४ वर्षं, आणि ही मुदत अर्ज मंजूर झाल्या तारखेपासून मोजतात (एप्रिल २०२५ ची सूचना). रक्कम १ कोटीच्या वर असती तर हप्त्यांत मिळाली असती आणि आधीचा हप्ता ७५ टक्के खर्चल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढचा सुटला नसता. ६० लाखांना ते लागू नाही.

तुम्हाला दुसरा रस्ता. पण एक अट लोक विसरतात : तुमच्या संस्थेचा मुख्य पदाधिकारी देणगीदार संस्थेत असता कामा नये, आणि तुमच्या कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक देणगीदाराचे सदस्य किंवा नोकर नसावेत. 'दोन्ही संस्थांची एक संयुक्त समिती करू' ही कल्पना कुणी मांडली असेल तर ती आत्ताच मोडा. सगळ्या पदाधिकाऱ्यांची ओळख, म्हणजे आधार किंवा (सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर) भारतीय पासपोर्ट, लागते. एखादे विश्वस्त नाही म्हणाले की फाइल तिथेच बसते.

खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच, ११ संसद मार्ग. ठाण्यातल्या शाखेत खर्चासाठीचं वापरखातं काढता येतं, पण पहिला पाय दिल्लीतच. पैसा थेट ठाण्याच्या खात्यात उतरला तर तो उल्लंघनच, नंतर तिकडे वळवून दुरुस्त होत नाही.

बेलापूरवाला_वकील

वरच्यात भर. २०२० च्या दुरुस्तीनंतर कलम ७ प्रमाणे एफसीआरएचा पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, ती संस्था नोंदणीकृत असली तरी. म्हणजे 'एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेच्या नावावर घेऊ आणि आपल्याकडे वळवू' हा सल्ला कुणीतरी देणारच, तो आधीच बाद धरा. मोठी संस्था स्वतःची माणसं नेमून ठाण्यात काम करू शकते. तुमची संस्था त्यात नसेल, एवढंच.

घोडबंदरी

मुळात प्रश्न असा की युरोपातल्या दूतावासाने ठाण्यातल्या नेपाळी वॉचमनच्या न्यायाची काळजी का करावी? 'लोकशाही', 'समावेशन' हे शब्द आले की मागे कुणाचा तरी अजेंडा असतो. कायदा कडक आहे तो उगाच नाही.

उत्तरध्रुव

घोडबंदरी, अजेंडा असतोच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण युरोपातली शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली पद्धत बघण्यासारखी आहे, कारण तुमचीच शंका तिथे एका सरकारने घेतली आणि तिची किंमत आकड्यात मोजता येते.

नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन युरोपीय संघात नाहीत, पण युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे त्यांना संघाच्या बाजारात शिरकाव मिळतो. करार १९९४ पासून लागू. बदल्यात ते संघातल्या तुलनेने गरीब देशांना निधी देतात. दान कमी आणि बाजारात बसायचं भाडं जास्त, असं म्हटलं तरी चालेल. २०१४-२१ च्या फेरीत २८० कोटी युरो, १५ देशांना. त्यातला सुमारे ९७ टक्के भार एकट्या नॉर्वेवर. २०२१-२८ साठी ३२६.८ कोटी युरो, आणि लोकशाही, कायद्याचं राज्य, मानवी हक्क हा आता तीन मुख्य विषयांपैकी एक.

खरी मेख आत आहे. बहुतेक पैसा घेणाऱ्या देशाच्या सरकारमार्फत जातो. पण नागरी संस्थांसाठी राखलेला हिस्सा (मागच्या फेरीत आर्थिक क्षेत्र निधीच्या किमान १० टक्के) सरकारच्या हातून जात नाही. तो सरकारपासून स्वतंत्र असा निधीचालक खुल्या निविदेतून निवडून त्याच्यामार्फत वाटतात. सरकारवर नजर ठेवणाऱ्या संस्थेचा पैसा सरकारनेच वाटायचा असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको.

हंगेरीला हे मान्य नव्हतं. २०१४ मध्ये तिथल्या निधीचालक संस्थेवर पोलिसांचा छापा पडला. पुढच्या फेरीत करारावर सह्या डिसेंबर २०२० मध्ये झाल्या आणि निधीचालक ठरवायला सात महिन्यांची मुदत होती. जुलै २०२१ पर्यंत एकमत झालं नाही. हंगेरीचा सगळा वाटा, २१.४६ कोटी युरो, बुडाला. नागरी संस्थांचा हिस्सा यातला लहानसा. वाद त्या लहान हिश्श्याच्या चालकाचा, आणि गेलं सगळं.

पोलंडमध्ये अडचण निराळी. न्यायव्यवस्थेच्या कार्यक्रमात नॉर्वेचं न्यायालय प्रशासन भागीदार होतं. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून २०२० मध्ये त्यांनी अंग काढून घेतलं. पैसे होते, भागीदारच गेला.

घोडबंदरी

म्हणजे देणाऱ्याने अट घातली आणि घेणाऱ्याने मोडली. यात आपल्याला काय?

उत्तरध्रुव

आपल्याला एवढंच की प्रकल्पाचा विषय कितीही चांगला असो, 'मधला हात कोण' हे करारात आधी लिहिलेलं हवं. तलावपाळी यांच्या प्रस्तावात मधला हात काठमांडूची संस्था आहे, आणि अडकलंय नेमकं तिथेच.

शिवालिक

भारत स्वतः शेजाऱ्यांना देतो तेव्हा मधला हात कसा ठरवतो, तेही बघा. त्याची चर्चा आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या दिवशी 'भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७०० कोटी' (२०२५-२६) या दोन आकड्यांवर सुरू होते आणि तिथेच संपते.

लोकशाही हा शब्द भारत या मदतीत फारसा वापरत नाही. शब्द असतात 'मागणीनुसार' आणि 'सामुदायिक विकास'. प्रत्यक्षात अफगाणिस्तानची संसद बांधून दिली (उद्घाटन २५ डिसेंबर २०१५), भूतानच्या २००८ च्या पहिल्या निवडणुकीत भारतीय मतदान यंत्रं होती, नेपाळला नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीआधी २०० वाहनं दिली, आणि शेजारच्या देशांतले निवडणूक अधिकारी दिल्लीच्या निवडणूक आयोगाच्या संस्थेत शिकून जातात. वीट, यंत्र, गाडी, प्रशिक्षण. भाषण नाही.

समावेशनाचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते घरबांधणीचं. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळच्या गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत भारताने ५०,००० घरांचा भार उचलला : गोरख्यात २६,९१२, नुवाकोटमध्ये २३,०८८. प्रत्येक घराला ३ लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत. ५० हजार करार झाल्यावर, दीड लाख जोत्यापर्यंत काम आल्यावर, १ लाख छताच्या पातळीला. (१ भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी, दर बांधलेला आहे. म्हणजे आपले १,८७,५००.)

३ लाखांचा हप्ता नेपाळ सरकार इतर जिल्ह्यांतही देतच होतं. या दोन जिल्ह्यांत वेगळं काय होतं, तर सोबतीची माणसं. गोरख्यात यूएनडीपी आणि नुवाकोटमध्ये यूएनओपीएस या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत अभियंते, गवंडी आणि गावफेरी करणारे कार्यकर्ते नेमले होते.

कारण घरं हप्त्यांच्या मधल्या जागेत अडकतात. लालपुर्जा, म्हणजे जमिनीचा कागद, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो आणि तो माणूस आखातात किंवा मुंबईत असतो. पहिले ५० हजार औषधात, कर्जात, धान्यात जातात. जोतं ठरल्यापेक्षा मोठं घातलं की दुसरा हप्ता पुरत नाही. पट्टीबंधाचं लोखंड नियमात बसत नसेल तर अभियंता सही करत नाही, आणि उंचावरच्या वाडीत तो पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. एकटी बाई, म्हातारी जोडपी, अपंग ही माणसं इथेच गळतात. त्यांच्या घरापर्यंत गवंडी नेणं हे समावेशन, बाकी कागदावरचं.

वाशीकर_ताई

श्रीलंकेतही हाच धडा. भारताच्या घरबांधणी योजनेत ५०,००० घरं, त्यातली ४६,००० उत्तर-पूर्वेत. मालकाने स्वतः बांधायचं, साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने थेट त्याच्या बँक खात्यात. कंत्राटदार मधून गेला. पण अनेक कुटुंबांनी 'एकदाच बांधतोय तर मोठं बांधू' म्हणून घर वाढवलं आणि कर्जात गेली. पुढे मध्य आणि उवा प्रांतांत चहामळ्यांतल्या मजुरांसाठी ४,००० घरं आली तेव्हा पैशाआधी जमिनीचा प्रश्न आला, कारण पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांच्या नावावर जमीनच नव्हती. कुटुंबाला ७ पर्च, म्हणजे साधारण १,९०० चौरस फूट, देऊन मग घर. रक्कमही वाढवून साडेनऊ लाख करावी लागली.

शिवालिक

ताई, अगदी. शिवाय नेपाळमधले छोटे सामुदायिक प्रकल्प (शाळा, दवाखाना, पाणी) २००३ पासून चालू आहेत. तिथे वीटकाम स्थानिक पालिका किंवा जिल्हा समन्वय समिती करते, दूतावास हप्ते सोडतो. एका प्रकल्पाची मर्यादा ५ कोटी नेपाळी रुपये होती, जानेवारी २०२४ मध्ये २० कोटी झाली. नागरी संस्थेला थेट देण्यापेक्षा निवडून आलेल्या स्थानिक सरकारमार्फत देणं भारताला सोयीचं. नॉर्वेच्या नेमकं उलट. दोन्हीत तोटे आहेत : तिकडे सरकार चिडतं, इकडे अध्यक्षाच्या वॉर्डात शाळा होते.

तलावपाळी

छान चाललंय, पण ठाण्याला परत या. संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीचं (यूएनडीईएफ) नाव काठमांडूकडून आलंय. त्याला एफसीआरए लागत नाही म्हणे?

हिशेबनीस_नौपाडा

अर्धं खरं. संयुक्त राष्ट्रं आणि त्यांच्या विशेष संस्था 'परदेशी स्रोता'च्या व्याख्येबाहेर आहेत. पैसा थेट तिथून तुमच्या खात्यात आला तर तो परदेशी अंशदान नाही. पण यूएनडीईएफने काठमांडूच्या संस्थेला दिला आणि त्यांनी तुम्हाला, तर देणारी काठमांडूची संस्था. सूट गेली. यात फसलेल्यांना नोटीस आल्यावर समजतं.

म्हणून मुख्य अर्जदार तुम्हीच व्हा, किंवा दोघांनी स्वतंत्र अर्ज करा. यूएनडीईएफची अनुदानं साधारण १ ते ३ लाख डॉलर आणि मुदत दोन वर्षं. मूल्यमापनासाठी १० टक्के तेच राखून ठेवतात, तेव्हा अंदाजपत्रक पूर्ण रकमेवर मांडू नका.

आता प्रशासन खर्च, इथे खरी गंमत आहे. पूर्वपरवानगीने ६० लाख घेतले तर २० टक्के, म्हणजे १२ लाख, ही मर्यादा. बघा :

समन्वयक ३५,००० × २४ = ८.४० लाख
जागेचं भाडं २०,००० × २४ = ४.८० लाख
लेखापरीक्षण, अहवाल = १ लाख

झाले १४.२० लाख. मर्यादा ओलांडली, अजून फोन-इंटरनेट धरलंच नाही. व्यवस्थापनाच्या माणसांचे पगार, भाडं, लेखा, अहवाललेखन हे सगळं नियम ५ प्रमाणे प्रशासन खर्चात.

आणि तुमच्या प्रकल्पाला खास सापळा : त्याच यादीत 'कायदेशीर व व्यावसायिक शुल्क' आहे. कायदेसाहाय्याच्या प्रकल्पात वकिलांची फी हाच मुख्य खर्च! हिशेबात 'लीगल फी' असं शीर्षक घातलंत तर तपासणारा ते उचलून प्रशासनात टाकेल. लाभार्थीच्या प्रकरणासाठी दिलेली फी हा थेट उद्देशावरचा खर्च आहे, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरच्या पगारासारखा. पण ते दिसलं पाहिजे. प्रकरणनिहाय खातं ठेवा : लाभार्थी क्रमांक, न्यायालय, तारीख, वकिलाची पावती, वकालतनाम्याची प्रत. संस्थेच्या स्वतःच्या कायदेशीर कामाचं बिल या खात्यात एकदाही घुसू देऊ नका.

बेलापूरवाला_वकील

मी याहून साधा रस्ता सुचवतो. वकिलांच्या फीवर एवढा पैसा लागतोच कशाला?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. सुरुवातच 'प्रत्येक व्यक्ती' अशी आहे, नागरिक नाही. त्यामुळे नेपाळी बाई, मूल, अटकेतला माणूस, औद्योगिक कामगार, मानवी व्यापाराचा बळी हे सगळे फुकट वकिलाला पात्र. यातल्या कुणालाही उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा, पण रखवालदार त्यात बहुधा बसतो. एकच खाच : अनुसूचित जातीचा म्हणून अर्ज करायचा तर नेपाळमधला दलित आपल्या यादीत येत नाही. त्याचा अर्ज उत्पन्नावर करा, उगाच फेटाळून घेऊ नका.

हद्द चुकवू नका. वाशी, तुर्भे, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याचं. खारघर, कामोठे, पनवेल पोलीस आयुक्तालयाने नवी मुंबई, पण जिल्हा रायगड, म्हणजे प्राधिकरण अलिबागचं आणि जवळची समिती पनवेल तालुक्याची. बेलापूरच्या कार्यकर्त्याने खारघरचा अर्ज ठाण्यात टाकला की निव्वळ हेलपाटा. हेल्पलाइन १५१००.

'तुम्ही परदेशी, तुमचं काय' असं कुणी म्हणालं तर ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ करार, कलम ७ : राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा यांत एकमेकांच्या नागरिकांना समान सवलती. अर्जाला नागरिकता प्रमाणपत्राची प्रत जोडा, ती देवनागरीत असते, भाषांतराचा खर्च सहसा पडत नाही. तारखा तेवढ्या विक्रम संवतात असतात. २०५० साली जन्मलेला माणूस बघून कारकून बिचकतो, बाजूला इसवी सन लिहून द्या.

थकलेल्या पगाराचा दावा : वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, मुदत ३ वर्षं. हजेरीपत्रक नसतं, म्हणून सोसायटीच्या प्रवेशनोंदवहीचे फोटो, यूपीआयने आलेले जुने पगार आणि गणवेशावरचं एजन्सीचं नाव हे तीन पुरावे पहिल्याच दिवशी गोळा करा. माणूस गावी गेला की वही बदलते.

शिवालिक

नेपाळच्या बाजूचंही लिहून ठेवतो, प्रस्तावात लागेल. तिथल्या संस्थेला परदेशी मदत घ्यायला समाज कल्याण परिषदेची मान्यता लागते. त्यांनी ती घेतली आहे का, की 'होईल' म्हणतायत, ते विचारा.

तुमची पोटगीची प्रकरणं ठाण्यात चालवण्यापेक्षा तिकडे चालवणं सोपं. २०१५ च्या घटनेच्या कलम २१७ प्रमाणे प्रत्येक स्थानिक पातळीवर (एकूण ७५३) न्यायिक समिती असते, प्रमुख उपमहापौर, उपप्रमुख किंवा उपाध्यक्ष. या पदांवर बहुतेक ठिकाणी बाया निवडून आल्या आहेत. अल्पवयीन मुलांचं आणि जोडीदाराचं पालनपोषण, ज्येष्ठांची देखभाल हे विषय तिच्या अधिकारात. अडचण अशी की नवरा ठाण्यात असतो आणि नोटीस पोचत नाही. तुमच्या संस्थेचा खरा उपयोग इथे : माणूस शोधणं, नोटीस समजावणं, व्हिडिओ कॉलवर मेलमिलाप (समेट) घडवणं. यात पैसा सीमेपलीकडून यायची गरजच नाही.

तलावपाळी

म्हणजे दोन वेगळे प्रकल्प, एक समजुतीचा करारनामा, आणि पैशाची देवघेव शून्य?

हिशेबनीस_नौपाडा

हो. करारनाम्यात स्पष्ट लिहा : 'उभय पक्षांत कोणतंही आर्थिक हस्तांतरण होणार नाही.' काठमांडूने त्यांचा निधी नेपाळमध्ये खर्चावा. तुमच्या बाजूला सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च) बघा. सीएसआर-१ नोंदणी लागेल. तुर्भे-महापे पट्ट्यातल्या कंपनीत परदेशी भागभांडवल असलं तरी ते परकीय गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत असेल तर ती परदेशी स्रोत ठरत नाही, २०१६ ची दुरुस्ती. प्रस्तावात 'लोकशाही बळकटीकरण' लिहू नका, कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमधली 'सामाजिक-आर्थिक दुर्बल घटकांची विषमता कमी करणं' ही ओळ वापरा. काम तेच आहे.

घोडबंदरी

हे मला पटलं. एक शंका : काठमांडूवाल्यांनी प्रशिक्षणाला बोलावलं आणि विमानाचं तिकीट दिलं तर?

बेलापूरवाला_वकील

कार्यकर्ते आणि खासगी वकील जाऊ शकतात. न्यायाधीश, सरकारी कर्मचारी, लोकप्रतिनिधी किंवा राजकीय पक्षाचे पदाधिकारी असतील तर परदेशी आतिथ्यासाठी कलम ६ प्रमाणे गृह मंत्रालयाची आधी परवानगी, अर्ज एफसी-२. आणि कायद्यात 'विधिमंडळा'च्या व्याख्येत महापालिकाही येते, म्हणजे नगरसेवकही त्यात. त्यांना परदेशी पैशातून मानधन तर देताच येत नाही. उद्घाटनाला शाल-श्रीफळ द्या, तेही संस्थेच्या स्वतःच्या पैशातून.

तलावपाळी

कार्यकारिणीत एक माजी नगरसेवक आहेत, परत उभे राहणार आहेत. पूर्वपरवानगीचा अर्ज करायचाच ठरला तर?

बेलापूरवाला_वकील

निवडणुकीचा उमेदवारही कलम ३ मध्ये येतो. अर्जाआधी त्यांचा राजीनामा, आणि बदल अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत.